गुगा, बटाटे आणि पेलाभर दूध

वारा. आधी वाऱ्याचंच सांगतो, कारण तिथं पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत तो कानात, बाह्यांत, चहाच्या कपात, सगळीकडे होता. स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात हेब्रिडीज बेटांची माळ पडली आहे, तिच्यातल्या लुईस बेटाचं हे उत्तर टोक. बट ऑफ लुईस म्हणतात त्याला. मी कड्यावर उभा आहे. उभा कसला, वाऱ्यावर रेललेला आहे! मागं १८६२ सालचा दीपस्तंभ, लाल विटांचा, रंगाचा हातही न लागलेला. खाली काळ्या कपारींत लाटा फुटतात आणि त्यांचा फेस कडा चढून माझ्या चष्म्यावर येऊन बसतो. इथून पश्चिमेला सरळ निघालं तर कॅनडापर्यंत पाय टेकायला जमीन नाही. आणि घड्याळात रात्रीचे साडेदहा वाजलेत, सूर्य आत्ता कुठं पाण्याला टेकतोय!

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात या वेळी बाजारातली शटरं पडून कुत्र्यांचं राज्य सुरू झालेलं असतं. इथं एक म्हातारा निवांत कुंपणाची तार ताणत बसलाय आणि त्याची मेंढरं चरताहेत. रात्र अशी होतच नाही. आकाश जांभळट होतं, मग राखी होतं, आणि पुरतं काळं व्हायच्या आतच पूर्वेला पुन्हा उजाडायला लागतं. झोपायचं कधी, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही जाम नदीकाठची माणसं. आमचा समुद्राशी संबंध म्हणजे आयुष्यात एकदा जुहूला जाऊन पँट गुडघ्यापर्यंत दुमडणं आणि भेळ खाऊन परत येणं. मासे म्हणाल तर ढीमरांच्या टोपलीतले, कन्हानचे नाहीतर तलावाचे. त्यामुळं समुद्र हा कुणाचा व्यवसाय, कुणाचं शेत आणि कुणाचं स्मशान एकाच वेळी असू शकतो, हे पुस्तकात वाचलेलं; डोळ्यांनी पाहिलं ते इथं, नेस नावाच्या या टापूत.

आणि झाड नाही! मैलच्या मैल जा, एक धड झाड नाही. मी संत्र्याच्या मुलखातला. सौंसरच्या वाटेनं निघालं की मृगबहार, आंबिया बहार अशा गप्पा मारत बागांच्या मधून जायची आम्हाला सवय. झाड नसलेलं गाव मला कल्पनेतही उभं करता येत नव्हतं. खारा वारा रोपटं तग धरू देत नाही म्हणे. सावली पडते ती घरांची, मेंढ्यांची आणि विजेच्या खांबांची. पण झाडांची कसर जमीन फुलांनी भरून काढते. किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्रित कुरणात उन्हाळ्यात पिवळ्या-पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. त्याच्यापुढं पांढरीशुभ्र वाळू, आणि तिच्यापुढं मोरपंखी पाणी. कुणी फोटो दाखवला असता तर अंदमान म्हणालो असतो. त्या पाण्यात बोट बुडवलं मात्र, आणि हाडापर्यंत कळ गेली.

पायाखालचा खडक तर अचाटच. करड्या दगडात गुलाबी, पांढरे, काळे पट्टे, कणीक मळताना दोन पिठं नीट मिसळली नाहीत की दिसतात तसे. नाइस जातीचा हा खडक जवळजवळ तीनशे कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा. जरा ओशाळलो, मग आठवलं की भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आमच्याही नावाचा खडक आहे, ‘सौंसर समूह’, मँगनीज पोटात घेऊन बसलेला आणि चांगला शंभर कोटींच्या वरचा. तेवढ्यावर मान राखली.

गाव म्हणजे आपल्यासारखा घरांचा गठ्ठा नव्हे. रस्त्याच्या कडेनं एकेक घर सुटं सुटं उभं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागून जमिनीची अरुंद पट्टी निघून समुद्राकडं किंवा माळाकडं गेलेली. पट्टीवर थोडे बटाटे, थोडं गवत, मेंढ्या. नुसत्या शेतीवर पोट भरत नाही आणि नुसत्या मासेमारीवरही नाही, म्हणून पिढ्यान्पिढ्या दोन्ही. १८८६च्या कायद्यानं या कुळांना जमिनीवरून हुसकता येईनासं झालं. पुढची गोष्ट मात्र मी दोनदा विचारून खात्री करून घेतली: २००७ साली इथल्या बावीस गावांनी मिळून सगळी जहागीरच मालकाकडून ताब्यात घेतली. ५६,००० एकर! आमच्याकडं १९५१ साली मालगुजारी गेली ती सरकारी हुकमानं. इथं गावकऱ्यांनी मतदान करून, ट्रस्ट काढून मालगुजारालाच रीतसर निरोप दिला.

घराघराशेजारी काळ्या विटांसारख्या ढेपा रचून ठेवलेल्या असतात. आपल्याकडं गोवऱ्या रचतात, तीच नजाकत, पाऊस आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या ढेपा तिरप्या लावलेल्या. हे पीट. हजारो वर्षं दलदलीत कुजून दबलेलं शेवाळ आणि गवत. वसंतात लांब दांड्याच्या खास फाळानं ते ओलं लोण्यासारखं कापायचं, माळावर वाळवायचं, आणि हिवाळाभर जाळायचं. सरपणाला झाडच नसेल तर माणूस जमीनच जाळणार! त्याचा धूर गोडसर, मातकट, थोडा जळक्या गुळासारखा. तो वास कोटाला असा बसला की नागपूरला उतरल्यावरही गेला नव्हता.

आर्नॉल गावी एक जुनं घर जसंच्या तसं ठेवलंय. हातभर नव्हे, दोन हातभर रुंद दगडी भिंती, गवताचं छप्पर, ते उडू नये म्हणून दोरीला बांधून लोंबते सोडलेले दगड. धुराडं नाही. घराच्या मधोमध पीटची शेकोटी, धूर छपरातून वाट काढेल तसा जाईल. आणि माणसांच्या नि गाईंच्या मध्ये नावापुरता आडोसा. एकच दार. वाकून आत शिरलो आणि पहिला विचार आला, अरे, हे तर गोठ्याला लागून असलेलं आमच्या आजोळचं माजघर! त्या घरात १९६६ पर्यंत माणसं राहत होती. तिकडं माणूस चंद्रावर जायची तयारी करत होता आणि इथं गाय रवंथ करताना म्हातारी शेजारी झोपत होती.

पोर्ट ऑफ नेस हे बंदर म्हणजे वाळूनं निम्मं भरलेली दगडी ओंजळ. आज तिथं थोड्याच होड्या. खेकड्यांचे आणि लॉब्स्टरचे पिंजरे धक्क्यावर रचलेले, निळ्या-नारिंगी दोरांची भेंडोळी, मेलेल्या माशांचा तो उग्र दर्प. या बेटांवर धरलेली शिंपली-कोळंबीची मंडळी बरीचशी स्पेन-फ्रान्सच्या ताटात जातात. आपल्या वाशीच्या मंडईतला पहिल्या प्रतीचा संत्रा जसा पांढुर्ण्याच्या पोराला चाखायला मिळत नाही, त्यातलाच प्रकार.

पण जुन्या नेसची खरी ओळख म्हणजे तिथली होडी. ‘स्गॉ’ म्हणतात. तीसेक फूट लांब, फळीवर फळी चढवून बांधलेली, एकच तपकिरी शीड, वर उघडं आकाश. तिच्यात बसून ही माणसं चाळीस-चाळीस मैल खुल्या अटलांटिकात जायची, लांबलचक दोरांना शेकडो गळ बांधून लिंग आणि कॉड जातीचे मासे धरायची. १८६२च्या डिसेंबरात एका वादळात नेसच्या पाच होड्या गेल्या. एकतीस माणसं. ज्या साली दीपस्तंभ उभा राहिला, त्याच साली! एवढ्याशा टापूतून एका दुपारी एकतीस कर्ते पुरुष गेले, म्हणजे कुठल्या घरात चूल पेटली असेल?

बायकांची कथा आणखी वेगळी. हेरिंग हा मासा आपल्या तारलीच्या कुळातला. तो थव्यानं किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडं सरके, आणि होड्यांमागोमाग बेटावरच्या हजारो पोरी सरकत. शेटलंडमधल्या लरविकपासून थेट इंग्लंडच्या ग्रेट यारमथपर्यंत. तिघींची टोळी: दोघी मासा चिरणाऱ्या, एक पिंपात मिठाचे थर देत रचणारी. चांगल्या हाताची बाई मिनिटाला पन्नास-साठ मासे साफ करी. मिनिटाला! मी घड्याळ लावून हवेत नुसते हात फिरवून पाहिले, चाळिसाला दम लागला. बोटं सुरीनं कापू नयेत, मीठ जखमेत जाऊ नये म्हणून प्रत्येक बोटाला कापडाची चिंधी गुंडाळलेली. त्या काळच्या फोटोंत या पोरी बाह्या सरसावून, हातात विणकाम घेऊन खदखदून हसताहेत. कामावरून खोलीवर जाता-येतानाही विणत असत. पिंपं जर्मनी-रशियाला जायची. पहिल्या महायुद्धानं ती बाजारपेठ मोडली आणि धंदा पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. आमच्या जिनिंगमध्ये सरकी-कापसाच्या धुळीत काम करणाऱ्या बाया आठवल्या. फरक एवढाच की या पोरी हंगामाची कमाई स्वतः घेऊन घरी यायच्या, चिनी मातीच्या कपबश्या आणि भावंडांना खाऊ आणायच्या, आणि अर्धा देश पाहून यायच्या.

विणकामावरून कापड आठवलं. सौंसरजवळ बोरगावला रेमंडचा कारखाना आहे, सुटाचं कापड हा आमच्याही पंचक्रोशीचा उद्योग. तिथं कापड म्हणजे यंत्रांची लांबच लांब रांग. इथं एका शेडमधून खडक-खडक आवाज येतो, डोकावतो तर एक बाबा सायकल हाणावी तसे पाय मारत माग चालवताहेत. हॅरिस ट्वीड. १९९३च्या ब्रिटिश संसदेच्या कायद्यात लिहून ठेवलंय की हे नाव लावायचं तर लोकर याच बेटांत रंगवली आणि कातली गेली पाहिजे, आणि विणणारानं आपल्या राहत्या घरी, हातमागावर विणली पाहिजे. कापड हातात घेतलं. लांबून तपकिरी, डोळ्यांजवळ नेलं तर आत जांभळा, शेवाळी, गंजका, मघाच्या माळाचेच सगळे रंग.

आता शोनीचं ऐका. मार्टिन मार्टिन नावाचा, इथली गेलिक भाषा बोलणारा गृहस्थ, स्काय बेटावरचा, त्यानं १७०३ साली या बेटांवर पुस्तक छापलं. त्यात लिहिलंय ते असं: ऑक्टोबर सरताना नेसमधलं प्रत्येक घर थोडं थोडं धान्य देई, त्याची बिअर गाळली जाई, आणि रात्री सगळे किनाऱ्यावर जमत. एक जण पेला घेऊन कमरेइतक्या पाण्यात शिरे आणि शोनी नावाच्या सागरदेवाला हाक मारून तो पेला समुद्रात ओते. मागणं काय? शेतात खत म्हणून टाकायला भरपूर समुद्रशेवाळ किनाऱ्यावर पाठव. मग सगळे चर्चमध्ये जात, वेदीवरची मेणबत्ती विझवत आणि शेतात जाऊन रात्रभर पिऊन नाचत. हे वाचलं आणि मला वरळी-वेसाव्याची नारळी पुनव डोळ्यांपुढं आली. सोन्याच्या कागदातला नारळ, कोळणींची जरीची लुगडी, दर्याला घातलेलं गाऱ्हाणं. धर्मोपदेशकांनी वर्षानुवर्षं खपून शोनीची पूजा मोडली. ते चर्च, सेंट मोलुआचं, युरोपी गावात अजून उभं आहे. शेतातून पायवाटेनं जायचं. आत वीज नाही, खिडक्या बोटभर अरुंद, दगडाला ओलसर वास. मी आत उभा राहून म्हटलं, काय बाप्पा, दर्याला खूश ठेवायचं तर पेला काय आणि नारळ काय.

उपदेशकांचा दरारा मात्र आजही रविवारी दिसतो. आमच्याकडं रविवार म्हणजे मटणाच्या दुकानापुढं रांग. इथं रविवार म्हणजे सुतक पडल्यासारखा रस्ता. दोरीवर एक कपडा वाळत नाही. कुणी गवत कापत नाही. पूर्वी शनिवारी रात्री बागेतले मुलांचे झोपाळे साखळीनं बांधून ठेवत. बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदरातून रविवारी पहिली प्रवासी बोट सुटली ती २००९च्या जुलैत, आणि तेव्हा धक्क्यावर एकीकडं टाळ्या नि दुसरीकडं प्रार्थना.

संध्याकाळी आमच्या यजमानीणबाई टोपी घालून निघाल्या, मीही त्यांच्यामागं चर्चमध्ये. आत चित्र नाही, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, क्रूससुद्धा नाही. पिवळट लाकडाचे बाक आणि पांढऱ्या भिंती. प्रवचन सुरू व्हायच्या बेतात शेजारच्या आजींनी माझ्याकडं न पाहता बाकावरून हात सरकवला. तळहातावर पेपरमिंटची पांढरी गोळी. डावीकडं पाहिलं, पूर्ण रांगेत गालांत गोळ्या सरकत होत्या. प्रार्थनेला उभं राहायचं आणि गाणं बसून म्हणायचं, असा रिवाज.

आणि मग गाणं. पुढं बसलेल्या एका साध्याशा माणसानं, दिवसा तो बहुधा बस चालवत असावा, मान वर करून एकट्यानं गेलिक स्तोत्राची एक ओळ सोडली. ती संपायच्या आत मागून अख्खी मंडळी उठली. म्हणजे आवाज उठला. वाद्य नाही, टाळ नाही, पेटी नाही. आणि सगळे एका सुरात नाहीत! प्रत्येक जण तीच ओळ आपल्या गतीनं, आपल्या मुरकीनं, आपल्या श्वासानं ओढतोय. एकाचा सूर वर चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो, तिसऱ्याचा मधेच वळसा घेतो, आणि हे सगळं मिळून एकच प्रचंड काहीतरी छतापर्यंत जाऊन खाली कोसळतं. पुन्हा तो एकटा माणूस. पुन्हा लाट. माझ्या हातांवर काटा उभा आहे. कार्तिकात पहाटे काकड्याला आमच्या भजनी मंडळातले म्हातारे बुवांच्या मागून चरण उचलतात, तेव्हा असाच एक घरगुती, न शिकलेला गळा लागतो. पण आमच्याकडं मृदंग सगळ्यांना बांधून ठेवतो. इथं बांधणारं कुणीच नाही आणि तरी कुणी हरवत नाही. शब्द एक कळला नाही. डोळे पुसायला रुमाल मात्र काढावा लागला, आणि शेजारच्या आजींनी दुसरी गोळी दिली.

या गळ्यांत जे आहे त्याचा थोडा उलगडा स्टॉर्नोवेजवळच्या होम नावाच्या किनाऱ्यावर होतो. १९१९च्या १ जानेवारीची पहाट. महायुद्ध संपलेलं. नौदलातून सुटलेली बेटावरची मुलं इओलेर नावाच्या बोटीतून घरी येत होती, नववर्षाच्या रात्री. घरोघरी चहाचं पाणी ठेवलेलं, कोरडे कपडे शेकत टाकलेले. बंदराचे दिवे दिसत होते. आणि बोट ऐन तोंडाशी खडकांवर आदळली. सुमारे २८० माणसं होती, २०१ बुडाली. जमीन वीसेक यार्डांवर होती! जड बूट, जड गणवेश, आणि अंधारात फुटणाऱ्या लाटा. नेसचा जॉन मॅक्लाऊड, होड्या बांधणारा, दोर घेऊन कसाबसा पोहत किनाऱ्याला लागला आणि त्या दोरावरून चाळीसेक जण वाचले. चार वर्षं तोफांतून वाचलेली पोरं अंगणात येऊन गेली. पुढं कित्येक दशकं घरांत त्या रात्रीचा विषयच काढत नसत. मी तिथं उभा होतो तेव्हा ओहोटी होती, खडक उघडे पडले होते आणि ते किती जवळ आहेत हे पाहून चक्क राग आला. कुणाचा ते माहीत नाही.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथं मी परका असूनही एका बाबतीत घरचाच होतो. नेसच्या दुकानात दोन म्हातारे गेलिकमध्ये गप्पा मारतात, गल्ल्यावरची मुलगी त्यांना गेलिकमध्येच चिडवते, आणि फोन वाजला की इंग्रजीत जाते. इतक्या सहज, की दार उघडून दुसऱ्या खोलीत जावं. मला हसू फुटलं. आम्ही जन्मभर हेच करत आलो! १९५६ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. राज्य हिंदीचं, चूल मराठीची. तहसिलीत ‘महोदय, सेवा में निवेदन है’, आणि बाहेर पानठेल्यावर ‘काहून बे, झालं का काम?’ २०२३ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. पाटी बदलली, चूल तीच.

पण त्यांचं दुखणं आमच्यापेक्षा खोल आहे. १८७२च्या शिक्षण कायद्यानं शाळेत गेलिकला जागाच ठेवली नाही. भाषा बोलली म्हणून पोरांना शिक्षा होत. २०२२च्या जनगणनेत अख्ख्या स्कॉटलंडात गेलिक बोलणारे सत्तर हजारांच्या आत. म्हणजे २०११च्या जनगणनेतली दीड पांढुर्णं! आमची मराठी गावाकडं हिंदीत मिसळत चालली तरी काटोल-नरखेडच्या पलीकडं कोट्यवधींचा दर्या उभा आहे. यांना पलीकडं पाणीच आहे. आता रस्त्यांच्या पाट्या गेलिकमध्ये, २००८पासून स्वतंत्र दूरदर्शन वाहिनी, आणि २०२० साली इथल्या परिषदेनं ठरवलं की पहिलीत येणारं मूल, पालकांनी वेगळं सांगितलं नाही तर, गेलिक माध्यमातच बसेल. आमच्या यजमानांचा नातू त्याच शाळेतला. आजोबा त्याच्याशी गेलिक बोलतात, तो उत्तर इंग्रजीत देतो. कुत्रा मात्र फक्त गेलिक समजतो.

आता यजमानांकडच्या जेवणाकडं येतो.

नेसपासून चाळीसेक मैल उत्तरेला समुद्रात सुला स्गेर नावाचा नुसता एक उघडा खडक आहे. तिथं हजारो गॅनेट पक्षी घरटी करतात. दर ऑगस्टात नेसचे दहा पुरुष, दहाच, होडीनं तिथं जातात, दोन आठवडे दगडांच्या झोपड्यांत राहतात आणि कड्यांवर दोर बांधून, लांब काठीच्या फासानं गॅनेटची पिल्लं पकडतात. त्या पिल्लाला म्हणतात गुगा. तिथंच मारायचं, पिसं उपटायची, पीटच्या जाळावर भाजून लव काढायची, उभं चिरायचं, मीठ भरायचं आणि चाकासारखी गोल चळत रचायची. चळतीतून खारवणी बाहेर गळू द्यायची नाही, हे कसब. रविवारी शिकार बंद, खडकावरच प्रार्थना. डोनल्ड मन्रो नावाच्या धर्माधिकाऱ्यानं १५४९ साली ही शिकार नोंदवून ठेवली आहे. म्हणजे आपल्याकडं निजामशाही-आदिलशाही होती तेव्हापासून नेसची होडी या खडकावर जातेय. पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा १९५४ साली नेसवाल्यांपुरती सूट ठेवली. परवाना दोन हजार पक्ष्यांचा असे. बर्ड फ्लूनं समुद्रपक्षी पटापट मेले तेव्हा २०२२ ते २०२४ शिकार झालीच नाही, आणि २०२५ला परवाना निघाला तो फक्त पाचशेचा.

मी गेलो ते शिकार थांबलेल्या त्या काळात. त्यामुळं आजोबांनी फ्रीझरच्या तळातून साथीआधीचा एक गुगा काढला तेव्हा यजमानीण आजींनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की आपल्याकडं सुनेनं सासूच्या लोणच्याच्या बरणीला हात लावला असता तरी बरं. तो पाणी बदलत बदलत उकळला. घरभर वास! मासा, तेल, जुनं चामडं आणि कुठंतरी कोंबडी. नातू नाक दाबून बाहेर पळाला. ताटात आला तो तपकिरी, तकतकीत, चपटा. सोबत सालासकट उकडलेले बटाटे. काटा-चमचा नाही, हातानंच खायचा, हा नियम! एवढ्या परक्या मुलखात कुणीतरी पहिल्यांदाच ताटाला हात लावू दिला, मी कृतकृत्य झालो. पहिला घास: खारट. मग तेलकट. मग सुक्या बांगड्याची चव, पण दाताखाली मटण. तिसऱ्या घासाला आवडायला लागला.

आणि मग आजींनी पुढ्यात ठेवलं पेलाभर दूध.

दूध! माशाच्या चवीच्या पक्ष्यावर दूध! माझ्या आईनं, आजीनं, पणजीनं आजवर दिलेला प्रत्येक धाक मागं रांगेत येऊन उभा राहिला. अंगावर कोड उठेल, पोटात विष होईल, विरुद्ध अन्न. पण आजोबांनी घोट घेतला, ओठ पुसले आणि माझ्याकडं पाहत राहिले. घेतला. आणि खरं सांगतो, मिठाच्या त्या माऱ्यावर थंडगार दुधासारखं दुसरं काही नाही. कोड अजून तरी उठलेलं नाही. गावी आल्यावर शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, “समुद्रातल्या कोंबड्या खाऊन आला, वरून दूध पेला. आता पंधरा दिवस आमच्या घरी जेवाले येऊ नको.”

जेवताना आजोबा म्हणाले, दरवर्षी आमच्याविरुद्ध पत्रं येतात, सह्या गोळा होतात, आम्हाला रानटी म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडंही आहे एक. आणि गोटमार सांगायला बसलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. पांढुर्ण्याचे तो तोडायला पाण्यात उतरतात, पलीकडून सावरगावचे गोट्यांचा वर्षाव करतात. झेंडा हाती लागला की चंडीमातेच्या देवळात जातो. शेकडो डोकी फुटतात, कित्येक जीवही गेलेत. कथा अशी की एकीकडचा मुलगा पलीकडची मुलगी घेऊन पळत होता आणि दोघं मधल्या पाण्यात सापडले. प्रशासनानं एकदा रबरी चेंडू पुढं केले. लोकांनी ते बाजूला टाकून नदीतले गोटेच उचलले. लहानपणी मी ते घराच्या गच्चीवरून पाहायचो आणि माझ्या अंगात वारं भरायचं, हेही लपवलं नाही. पण सांगता सांगता मला माझंच ऐकू येत होतं. या लोकांनी आपली रूढी मोजून ठेवली: माणसं किती, पक्षी किती, दिवस किती, आणि पक्षी कमी झाले तेव्हा थांबले. आम्ही आमची कधी मोजली नाही. मोजतो ते फक्त दवाखान्यातले टाके.

आजोबांनी हाड ताटात ठेवलं. “दगड पक्ष्यांना मारता?”

“नाही. माणसांना.”

“कुठल्या?”

“नदीपलीकडच्या. त्यातले निम्मे सोयरे.”

“किती जण जमता?”

“हजारो.”

“हजारो!” त्यांनी आपल्या दहा माणसांचा विचार केला असावा. “आणि परवाना?”

“नाही लागत.”

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी गेलिकमध्ये नवऱ्याला काहीतरी झटकन सुनावलं, ते पोट धरून हसले, मग त्यांनी माझ्यासाठी इंग्रजीत आणलं: “ही विचारतेय, मग पत्रं आम्हालाच का येतात?”

आणि त्यांनी माझ्या पेल्यात पुन्हा दूध ओतलं.